गरम गाडी गरम असतानाच तपासणारे डिझेल गॅरेज, सोलापूर

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीच्या परिसरातले हे गॅरेज कॉमन रेल (म्हणजे एकाच सामाईक नळीतून, रेलमधून, सर्व इंजेक्टरना उच्च दाबाचे डिझेल पुरवणाऱ्या) डिझेल गाड्यांचे पंप, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर आणि त्यांच्याशी संबंधित वायरिंग एवढेच काम घेते. आमच्या टॉवेल कारखान्याची पिकअप सकाळी पहिल्याच सेल्फला चालू होत असे, पण दुपारी इंजिन तापल्यावर सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली तरी दाद देत नसे. दोष नेमका कोठे आहे हे या गॅरेजने मोजून दाखवले, आणि जो पंप बदलावाच लागेल असे आम्हाला अन्यत्र ठामपणे सांगण्यात आले होते, तो पंप चांगला असल्याचेही दाखवून दिले. अशा तक्रारीच्या गाड्या मालवाहतुकीत पुष्कळ दिसतात आणि त्यांच्यावरचा खर्च अनेकदा अंदाजाने केला जातो. म्हणून तपासणी कशी झाली, हेही या अभिप्रायात सविस्तर लिहीत आहे.

गाडीचे काम समजल्याशिवाय तक्रारीचे स्वरूप लक्षात येणार नाही. कारखान्यातून टॉवेलचे गठ्ठे भरायचे, ट्रान्सपोर्टच्या गोदामावर उतरवायचे, येताना सुताच्या गोण्या घेऊन परत यायचे, असा तिचा दिवस असतो. लांबचा पल्ला कमी, आणि गाडी बंद करून पुन्हा चालू करण्याचे प्रसंग मात्र अनेक. त्यातून सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर गेला की बॉनेटखालच्या उष्णतेची कल्पनाच केलेली बरी. रात्रभर उभी राहिलेली गाडी कधीच त्रास देत नसे. चालून आलेली गाडी बंद करून लगेच सेल्फ मारला तरी ती चालू होई. पण हमालांनी गठ्ठे उतरवेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे गेली, की सेल्फ खणखणीत फिरे आणि इंजिन पकडत नसे. तासभर बॉनेट उघडे टाकून थांबले की पुन्हा पूर्ववत. शेवटी ड्रायव्हरने गोदामावर गाडी बंद करणेच सोडून दिले होते, आणि उभ्या गाडीत डिझेल जळत राहत होते.

यापूर्वी दुसऱ्या ठिकाणी बॅटरी बदलून झाली होती, सेल्फ खोलून त्याचे कार्बन आणि बुश नवे टाकून झाले होते, डिझेल फिल्टरही बदलला होता. स्कॅनर लावल्यावर बिघाडाचा एकही कोड आला नाही, तेव्हा ‘कोड नाही म्हणजे सेन्सर सगळे चांगले, आता पंपच गेलेला आहे’ असा निष्कर्ष काढण्यात आला. या वाक्याचा पहिला भागच तपासून घेण्यासारखा आहे. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, कोड नोंदवतो तो ठरावीक मर्यादा ठरावीक काळ ओलांडली गेल्यावर. सेल्फ मारण्याच्या काही सेकंदांत दाब पुरेसा चढला नाही, तर कोड पडेलच असे नाही. कोड नसणे हा गाडी निर्दोष असल्याचा पुरावा होत नाही, आणि पंप बिघडल्याचा तर मुळीच होत नाही.

या गॅरेजला प्रथम फोन केला तेव्हा मिस्त्रींनी दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, सेल्फ दमून फिरतो की जोरात फिरतो? दुसरी, गाडी चालू झाल्यावर नंतर ताकदीने चालते का? आणि मग म्हणाले, “मालक, सकाळी थंड गाडी आणून उभी करू नका. काम उरकून, तापवूनच आणा.” मला हे पहिल्याच क्षणी पटले. जो दोष फक्त गरम गाडीत दिसतो, तो थंड गाडीत शोधायला बसणे म्हणजे दिवसा चांदणे मोजणे. तरीही सकाळी गाडी सोडा आणि संध्याकाळी घेऊन जा, ही बहुतेक गॅरेजची रीत असते. गाडी हाताखाली येते तेव्हा ती थंड झालेली असते आणि अर्थातच पहिल्या सेल्फला चालू होते.

दोन प्रश्नांमागचा विचार त्यांनी नंतर समजावून सांगितला. गरम झाल्यावर सेल्फच दमून फिरत असेल तर वाट वेगळी आहे: सेल्फचे आतले वाइंडिंग तापले की त्याचा विद्युतरोध वाढतो, बॅटरीच्या जाड केबलचे टोक गंजलेले असले किंवा इंजिनाची अर्थ वायर सैल असली तर उरलासुरला जोर तेथे खर्ची पडतो. सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर त्याला डिझेल मिळत नाही किंवा ते कधी सोडायचे हे ईसीएमला कळत नाही. आमची गाडी दुसऱ्या वाटेवरची होती. तरीही त्यांनी पहिली वाट नुसत्या सांगण्यावरून सोडून दिली नाही. सेल्फ मारत असताना बॅटरीचा व्होल्टेज १० च्या खाली जात नाही, बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फच्या नटापर्यंत व्होल्टेजची घट अर्ध्या व्होल्टहून कमी आहे आणि अर्थच्या बाजूला त्याहूनही कमी, हे मीटरवर पाहून मगच ते पुढे गेले. या कामाला फार वेळ लागला नाही, आणि ते बॅटरी बदलण्यापूर्वी व्हायला हवे होते.

मग गाडी माल भरलेल्या अवस्थेतच हायवेला नेऊन तापवून आणली आणि बॉनेट मिटून उभी केली. बॉनेट मिटण्याचे कारण असे की, इंजिन बंद होताच पाण्याचा पंप आणि पंखा थांबतो, पण लोखंडात साठलेली उष्णता बाहेर येतच राहते. त्यामुळे बंद केल्यानंतरची काही मिनिटे इंजिनाच्या अंगावरचे पाइप, सेन्सर आणि इंजेक्टर चालत्या गाडीपेक्षाही अधिक तापतात. आमची गाडी बंद केल्यावर लगेच चालू होई आणि वीस मिनिटांनी होत नसे, त्याचा उलगडा येथेच झाला.

बरोबर त्या वेळी स्कॅनर लावून सेल्फ मारला गेला, तो कोड वाचण्यासाठी नव्हे, तर चालू आकडे पाहण्यासाठी. पहिला आकडा इंजिनाच्या फेऱ्यांचा. सेल्फ फिरत असताना स्क्रीनवर फेरे शून्यच राहिले, तर इंजिनाचे फेरे टिपणारा क्रँक सेन्सर गरम झाल्यावर मुका होतो असे समजायचे. त्याच्या आतल्या बारीक तारेचा जोड तापल्यावर सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते, त्यामुळे गरम गाडीच्या तक्रारीत या सेन्सरचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. त्याचा ओळखीचा कोड पी०३३५. आमच्या गाडीत मात्र २३० च्या आसपास फेरे स्थिर दिसत होते, म्हणजे सेन्सर बोलत होता. पाण्याच्या तापमानाचा आकडाही खरा होता. तो सेन्सर गरम इंजिनाला थंड समजत असेल तर ईसीएम डिझेलचा हिशेब चुकवतो, म्हणून तेही पाहिले.

तिसरा आकडा रेलमधल्या दाबाचा, आणि सगळी गोष्ट तेथे अडली होती. कॉमन रेल इंजिनात रेलमधील दाब एका किमान पातळीला, म्हणजे इंजिनानुसार साधारण १५० ते २५० बारला (बार हे दाबाचे एकक) पोहोचल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडण्याचा आदेशच देत नाही. सकाळी थंड गाडीचा आकडा त्यांनी मुद्दाम ड्रायव्हरकडून स्कॅनरवर नोंदवून घेतला होता. तेव्हा सेल्फ लावताच दाब ३०० च्या वर गेला होता. आता तोच दाब १३०-१४० बारपर्यंत चढून तेथेच थबकला. सेल्फ फिरतो आहे, पंप डिझेल ढकलतो आहे, आणि ते डिझेल रेलमध्ये साठण्याऐवजी कोठून तरी परत जाते आहे, एवढे त्या एका आकड्याने सांगितले.

डिझेल तापले की पातळ होते. भारतीय मानकानुसार डिझेलची विष्यंदिता, म्हणजे दाटपणा, ४० अंश सेल्सिअसला २ ते ४.५ सेंटीस्टोक या मर्यादेत असावी लागते, आणि तापमान जसे वर जाते तशी ती आणखी उतरते. इंजेक्टरमधील व्हॉल्व्हची बैठक किंवा पंपातील प्लंजर (डिझेल दाबणारे दट्टे) थोडे झिजलेले असले, तर थंड व दाट डिझेल त्या फटीतून कमी निसटते आणि दाब टिकतो. तेच डिझेल तापून पातळ झाले की फटीतून पळते. इंजिन चालू असताना पंप वेगाने फिरत असल्यामुळे ही गळती भरून निघते, म्हणूनच एकदा चालू झालेली गाडी ताकदीने चालते. सेल्फच्या मंद फेऱ्यांवर मात्र पंपाचे देणे आणि फटीचे घेणे सारखे होते. जुन्या रोटरी पंपाच्या गाड्यांवर ड्रायव्हर मंडळी ओले पोते टाकत असत, त्यामागेही हेच कारण होते. उपाय म्हणून मात्र ते धोक्याचे आहे, कारण तापलेल्या पंपावर गार पाणी पडले तर पंपाचे अंग अचानक आकसून आतले भाग अडकू शकतात, आणि कॉमन रेल पंपावर तर हा प्रयोग कधीच करू नये.

गळती पंपात की इंजेक्टरमध्ये, हे ठरवण्याची पद्धत मला सर्वांत आवडली, कारण ती कोणालाही डोळ्यांनी पाहता येते. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एक बारीक रिटर्न पाइप असतो. वापरून उरलेले डिझेल त्यातून टाकीकडे परत जाते. हेल्परने चारही पाइप काढून त्यांच्या जागी सलाइनच्या पारदर्शक नळ्या बसवल्या आणि त्यांची टोके सारख्या मापाच्या चार बाटल्यांत सोडून त्या बाटल्या तारेने एका रांगेत टांगल्या. इंजिन आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, थोडा वेळ चालवले. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बाटलीच्या तळाशी जवळजवळ सारखे डिझेल जमले. तिसऱ्या नळीत मात्र धार तुटतच नव्हती आणि त्या बाटलीतली पातळी बाकीच्यांच्या दुपटीहून वर गेली. नंतर गरम अवस्थेत नुसता सेल्फ मारला, तेव्हा तीन नळ्यांत जेमतेम थेंब सरकले आणि तिसरीतून डिझेल सरळ वाहू लागले. आमचा ड्रायव्हर फारसा बोलत नाही, पण बाटल्यांकडे बोट दाखवून तो म्हणाला, “इथं तर आंधळ्यालाही दिसंल.”

येथे थांबून तिसरा इंजेक्टर बदला असे सांगता आले असते. मिस्त्रींनी आणखी एक पायरी घेतली. रेलवरून तिसऱ्या इंजेक्टरकडे जाणारा पाइप काढून ते तोंड त्यासाठीच बनवलेल्या कॅपने बंद केले. असे केल्यावर रेलमधले डिझेल त्या इंजेक्टरकडे जाऊच शकत नाही. गाडी अजून गरमच होती. सेल्फ लावताच दाब झरकन ३०० च्या पुढे गेला आणि तीन सिलिंडरवर लंगडत का होईना, इंजिन चालू झाले. दाब जास्त झाल्यास डिझेल परत सोडणाऱ्या, रेलवरच्या मर्यादा व्हॉल्व्हचा रिटर्नही कोरडा होता. पंप एवढा दाब गरम अवस्थेत देऊ शकतो, म्हणजे पंपाला हात लावण्याचे कारण उरले नाही. पी००८७ सारखा रेलचा दाब कमी असल्याचा कोड पडलेल्या गाड्यांतही पंप उतरवण्याआधी ही परीक्षा झालीच पाहिजे असे माझे मत आहे, कारण पंपाचा खर्च एका इंजेक्टरच्या खर्चाहून कितीतरी अधिक असतो.

हे काम घरी करून पाहण्याचा मोह कोणी धरू नये. चालत्या गाडीत रेलचा दाब १,००० बारच्याही वर जाऊ शकतो, आणि तेवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ती तातडीने शस्त्रक्रिया करावी लागणारी असू शकते. येथे पाइपला पाना लावण्यापूर्वी इंजिन बंद करून दाबाचा आकडा शून्यावर आल्याची खात्री प्रत्येक वेळी केली गेली, आणि पाइप काढताच उघड्या तोंडांना लगेच स्वच्छ टोपणे लावली गेली. बाटल्यांत जमलेले डिझेलही पुन्हा टाकीत न ओतता वेगळ्या कॅनमध्ये ठेवले.

दुरुस्तीविषयी थोडक्यात. चारही इंजेक्टर बेंचवर, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर, पूर्ण भार, आयडल आणि पायलट (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा) या तिन्ही स्थितींत तपासले. तिसऱ्याची व्हॉल्व्हची बैठक खराब झाली होती, दुसरा आणि चौथा ठीक होते, पहिला मर्यादेत असला तरी वरच्या टोकाला होता. पहिलाही आत्ताच बदलावा का, असे विचारल्यावर त्यांनी नाही असे स्पष्ट सांगितले. पुढच्या मोठ्या सर्व्हिसला त्याची रिटर्न चाचणी पुन्हा करावी, एवढेच सुचवले. नवा इंजेक्टर बसवताना त्याची बैठक साफ करून तांब्याचा नवा वॉशर घातला, क्लॅम्पचा बोल्ट टॉर्क पान्याने आवळला आणि इंजेक्टरवर छापलेला संकेतांक स्कॅनरने ईसीएममध्ये भरला. ही शेवटची गोष्ट अनेक ठिकाणी राहून जाते. प्रत्येक इंजेक्टरच्या मापातला बारीक फरक त्या संकेतांकात असतो, आणि तो भरला नाही तर आयडलला ठोका येणे, धूर होणे अशा नव्या तक्रारी उभ्या राहतात.

इंजेक्टर खराब का झाला, हा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. डिझेल फिल्टरचा तळ एका पांढऱ्या भांड्यात रिकामा केला तेव्हा डिझेलखाली पाण्याचा स्पष्ट थर आणि लालसर गाळ दिसला. नवा इंजेक्टर घालण्यापूर्वी टाकी उतरवून धुण्याचा त्यांनी आग्रह धरला आणि तो योग्यच होता. बॅरलमध्ये साठवलेले डिझेल वापरणाऱ्यांनी आणि टाकी नेहमी तळाला ठेवून गाडी चालवणाऱ्यांनी फिल्टरखालचा पाणी काढण्याचा स्क्रू नियमाने सोडावा. ते काम ड्रायव्हरलाही करता येते.

पैशांबाबत व्यवहार सरळ आहे. तपासणीचे शुल्क वेगळे आहे आणि काम तेथे केले नाही तरी ते द्यावे लागते. ते चांगल्या प्रतीच्या डिझेल फिल्टरच्या किमतीच्या आसपास पडले. काही मालकांना हे खटकते, नुसते बघायचे पैसे कसले, असे ते म्हणतात. माझे मत उलट आहे. बघण्याचे पैसे मिळत नाहीत तेथे सुटे भाग विकूनच पोट भरावे लागते, आणि मग बॅटरी, सेल्फ, फिल्टर असा क्रम सुरू होतो. बिल जीएसटीसह मिळाले, जुना इंजेक्टर आणि वॉशर न मागता पिशवीत घालून दिले.

उणिवाही सांगायला हव्यात. थांबणाऱ्या माणसासाठी सावलीची नीट सोय नाही. पत्र्याच्या शेडखाली एक बाकडे आहे आणि उन्हाळ्यात तेथे बसणे अवघड होते, त्यात गरम गाडीच्या तपासणीला वेळ लागतोच. मोजलेले आकडे ते तोंडी सांगतात. मी आग्रह धरल्यावर ते बिलाच्या मागे हाताने लिहून दिले. एवढ्या चांगल्या तपासणीचा छापील अहवाल त्यांनी आपणहून द्यायला हवा, कारण पुढच्या वेळी तुलना करायला तोच उपयोगी पडतो. खर्चाचा अंदाज बेंचवरच्या तपासणीनंतरच मिळतो, तोपर्यंत हजारांच्या फरकाने कमी-जास्त आकडे ऐकावे लागतात. गाडी परत आणल्यावर एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप उघडीच राहिल्याचे दिसले. फोन केल्यावर त्यांनी माणूस पाठवून ती बसवून दिली, पण एवढी काटेकोर तपासणी करणाऱ्यांकडून हे व्हायला नको होते.

काम होऊन आता पूर्ण उन्हाळा उलटून गेला आहे. भर दुपारी गोदामावर माल उतरेपर्यंत बंद राहिलेली गाडी पहिल्याच सेल्फला चालू होते, आणि ड्रायव्हर आता प्रत्येक थांब्यावर चावी काढून खिशात ठेवतो.

येथे गाडी नेणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करून दुपारची वेळ घ्यावी, टाकी निदान अर्धी भरलेली असावी, आणि याआधी काय काय बदलले त्याची बिले सोबत ठेवावीत. मिस्त्री ती खरोखर वाचतात. जो ड्रायव्हर रोज गाडी चालवतो त्यालाच पाठवावे, कारण सेल्फचा आवाज कसा येतो, गाडी किती वेळाने पकडते, धूर पांढरा की काळा, हे प्रश्न मालकापेक्षा त्याला अधिक विचारले जातात. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्या, एसी आणि बॉडीचे काम ते घेत नाहीत.